लांबचा विमानप्रवास: अंतर किती आणि वेळ किती (अनुभव लिहा)

काल कपाट आवरताना जुन्या पासपोर्टात बोर्डिंग पासचा तुकडा सापडला, सॅन फ्रान्सिस्को ते सिंगापूर. आई तेव्हा बहिणीकडे होती, अचानक आयसीयूत नेलं आणि मी मिळेल त्या विमानात बसले. अंतर साधारण 13,600 किमी, जाताना सतरा तासांच्या आसपास. समोरच्या स्क्रीनवर पॅसिफिकवरचं ते इवलंसं विमान, खाली उरलेले किलोमीटर. झोपून उठले तरी विमान तिथंच. शुक्रवारी रात्री निघाले, रविवारी सकाळी उतरले. बहीण म्हणाली, आईनं शनिवारी संध्याकाळी डोळे उघडले, तुझं नाव घेतलं. तो शनिवार माझा विमानातच गेला. आई नंतर बरी झाली, पण अजून आठवलं की घशाशी येतं. तुमचेही अनुभव लिहा.

———

ताई वाचून पाणी आलं डोळ्यांत. आई बरी झाली हे वाचून जीव भांड्यात पडला

———

येताना दोनेक तास कमी लागले असतील ना? जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोर. लंडन न्यूयॉर्क 5,500 किमी, न्यूयॉर्ककडे जाताना आठ तास धरा आणि परतताना साडेसहा-सात. मी वर्षातून चारदा करतो, परतीच्या वेळी झोप पुरी होतच नाही. त्यामुळे विमानाचा वेग ताशी 900 किमी धरून नुसत्या अंतराला 900 ने भागून वेळ काढू नका, शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं पण धरलेलं असतं

———

माझा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा, चौदा तास मांडीवर. तास मोजलेच नाहीत, त्याच्या झोपा मोजल्या, तीन झाल्या. पलीकडच्या सीटवरच्या आजी शेवटचे दोन तास त्याला खेळवत होत्या, भाषा एकमेकींची कळत नव्हती. उतरताना त्यांचा हात धरून ठेवला मी

———

पायांना सूज कुणाला येते का? माझे बूटच चढेनात

———

हो येते, दर दोन तासांनी उठून चाला, पाणी पीत राहा. आधी गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना विचारून सॉक्स घ्या ते घट्टवाले

———

टोकियो लंडन. 2022 नंतर रशियावरून जाता येईना, आमचं विमान अलास्का, ग्रीनलंडवरून गेलं, बारा तासांचे चौदा झाले. पण खाली बर्फ आणि खिडकीत हिरवा उजेड हलताना दिसला, बायकोला उठवलं, दोघं काचेला नाक लावून. नकाशावर हा रस्ता वेडावाकडा वाटतो, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा म्हणजे कळेल, उत्तरेकडून वळसा तेवढा लांब नाही

———

आमचं पहिलं विमान चाळीस मिनिटं लेट, पुढचं दारातून गेलं आणि अकरा तास खुर्चीवर. बाबांचं शेवटचं दर्शन हुकलं. दोन विमानांमध्ये कमीत कमी तीन तास ठेवा हो, घाईच्या वेळी तर जास्तच

———

फार वाईट वाटलं वाचून. काय बोलावं कळत नाही

———

धागा मीच काढलाय. बाबांचं वाचून मघापासून हातात फोन धरून बसलेय. आणि हो, येताना पंधरा तासच लागले, सिंगापूरहून सकाळी निघाले आणि पोचले तेव्हा तिथं त्याच दिवसाची सकाळ होती. आईला फोन लावला, तिच्याकडे तोवर रात्र झाली होती, जागीच होती