अंगणातला पुदिना आवरायचा कसा?

गवतीचहा (सातारा)
आमच्या घरामागे साधारण 8 फूट लांब आणि 4 फूट रुंद असा एक वाफा आहे. दोन वर्षांपूर्वी मंडईतून आणलेल्या जुडीतल्या चार काड्या मी त्याच्या एका कोपऱ्यात खोचल्या होत्या. आज तोच पुदिना कोथिंबिरीच्या ओळींत, अळूच्या बुडाशी आणि न्हाणीघराबाहेरच्या फरशीच्या फटींतूनही वर आला आहे. गेल्या महिन्यात हाताला येईल तेवढा उपटला, पण पहिला पाऊस पडताच तो पूर्वीपेक्षा दाट झाला. चटणीला आणि ताकाला तो रोज लागतो, त्यामुळे समूळ घालवायचा नाही आणि खाण्याच्या भाजीजवळ तणनाशकही मारायचे नाही. शिवाय काही पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी ठिपके दिसू लागले आहेत. काय करावे?

कुदळ (सांगली)
ताई, उपटल्यावर तो दाट झाला यात नवल नाही. पुदिना बियांपेक्षा जमिनीलगत आडव्या सरकणाऱ्या खोडांनी पसरतो. एक खोड बोटांत धरून पाहा: पांढरट, दोऱ्यापेक्षा थोडे जाड, आणि दर पेऱ्याला मुळांचा लहानसा झुपका. आपण वरून ओढतो तेव्हा ते पेऱ्यापेऱ्याला तुटते आणि मातीत राहिलेला प्रत्येक तुकडा स्वतंत्र रोप होतो. म्हणजे उपटून आपण त्याची लागवडच केलीत!

ही खोडे बहुतेक करून वरच्या वीतभर मातीतच असतात, त्यामुळे माती ओली पण चिकट नसताना कुदळीऐवजी दातेरी खुरप्याने ती सैल करावी आणि खोडे अख्खी उचलून काढावीत. एका दिवसात काम संपत नाही. दर आठ-दहा दिवसांनी नवे कोंब दिसतील ते त्याच वेळी काढत राहावे. काढलेला माल ओला असताना खतखड्ड्यात टाकू नये, तो तिथे आनंदाने रुजतो. पत्र्यावर पसरून कडकडीत वाळवावा आणि मगच टाकावा.

गच्चीवरची बाग (ठाणे)
वरील उत्तराशी सहमत आहे, पण त्यानंतर पुदिना वाफ्यात परत लावूच नये असे माझे मत आहे. तळाला भोके पाडलेली बादली किंवा 10-12 इंची कुंडी घ्यावी. कुंडी जमिनीत पुरायचीच असेल, तर तिचा काठ मातीच्या वर दोन-तीन बोटे ठेवावा, कारण पुदिना खालून अडला की वरून काठ ओलांडतो. काठावर लोंबणारी खोडे कातरत राहावीत. दुपारचे कडक ऊन टळेल आणि सकाळचे मिळेल अशी जागा त्याला मानवते. वर्षातून एकदा गड्डा कुंडीबाहेर काढून फाडावा आणि निम्माच परत लावावा, नाहीतर मधला भाग मुळांनी गच्च होऊन पाने बारीक येतात.

ताकवाली (कोल्हापूर)
ठिपक्यांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. पानाखाली नारिंगी भुकटीसारखे फोड असतील तर तो तांबेरा आहे, आणि ही बुरशी दाटीवाटीत व दमटपणात फोफावते. असे फुटवे जमिनीलगत कापून कचऱ्यात द्यावेत, खतात घालू नयेत. नव्या कुंडीसाठी त्यातली काडी घेऊ नये. निरोगी झाडाची चार-पाच इंची शेंड्याची काडी खालची पाने काढून पेलाभर पाण्यात ठेवली, तर आठवड्या-दीड आठवड्यात मुळे धरते. पाणी मात्र एक-दोन दिवसांआड बदलावे.

जास्तीच्या पानांचे म्हणाल, तर फुले येण्याआधी तोडलेली पाने सर्वांत वासाची असतात. ती सावलीत वाळवून डबीत भरली की ताकात चुरून घालायला वर्षभर पुरतात. हिरव्या चटणीत पुदिना काळा पडतो तो हवेने आणि मिक्सरच्या उष्णतेने, म्हणून वाटताना बर्फाचे दोन तुकडे आणि लिंबू आधीच घालावे. पुदिना कोथिंबिरीच्या निम्माच असावा; आमच्याकडे पाहुणे 'टूथपेस्ट' म्हणाले होते, तेव्हापासून मी प्रमाण सोडत नाही.

गवतीचहा (सातारा)
सर्वांचे आभार. काल अर्धा वाफा उकरला; अळूच्या मुळांत शिरलेले एक खोड दीड हात लांब निघाले, त्यावर मी 14 पेरे मोजले. ठिपक्यांचा भाग वेगळा कापून टाकला आहे आणि शेजारच्या काकूंकडच्या निरोगी झाडाच्या सहा काड्या खिडकीतल्या पेल्यात ठेवल्या आहेत. एकच शंका उरली आहे: फरशीच्या फटीतला पुदिना खोडासकट निघत नाही. त्यावर उकळते पाणी ओतले तर शेजारच्या कढीपत्त्याच्या मुळांना इजा होईल का?

कुदळ (सांगली)
कढीपत्ता हातभर अंतरावर असेल तर फटीत किटलीने थोडे थोडे ओतायला हरकत नाही, पण खोल मुळांपर्यंत ते पोहोचत नाही, त्यामुळे दोन-तीन वेळा ओतावे लागेल. झाड त्याहून जवळ असेल तर हा उपाय नको. जुन्या चाकूने कोंब खरवडत राहा.