जीपीएसचे जाकीट आणि थकव्याचा हिशेब

नेरूळकर: काल येथे घोडबंदरवासी यांनी लिहिले की, खेळाडूची धाव व वेग टिपणारी जीपीएसची जाकिटे हे श्रीमंत क्लबांचे चोचले असून पूर्वीचे फुटबॉलपटू त्यांच्यावाचूनही धडधाकट होते. हे वाचून गप्प बसवले नाही. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या पाहणीत 2001-02 मध्ये एकूण दुखापतींपैकी 12 टक्के हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागील स्नायूंच्या, होत्या. 2021-22 मध्ये हा वाटा 24 टक्क्यांवर गेला. वेगवान धावा आणि सामन्यांची गर्दी वाढत असताना कोणाच्या स्नायूंवर किती भार पडला, हे मोजायचेच नाही काय? बार्सिलोना आणि स्पेनकडून खेळणाऱ्या कोवळ्या पेद्रीला 2020-21 च्या हंगामात 70 हून अधिक सामने खेळवले आणि पुढच्या हंगामात तो मांडी धरून बसला.

घोडबंदरवासी: म्हणजे मोजमाप वाढले त्याच वीस वर्षांत हा वाटा दुप्पट झाला, आकडा आपला, बाजू माझी! चालू आठवड्याच्या भाराला चार आठवड्यांच्या सरासरीने भागून 0.8 ते 1.3 ही सुरक्षित मर्यादा सांगणाऱ्या सूत्राची संशोधकांनीच पुढे चिरफाड केली, हेही आपण सोयीस्करपणे गाळले. पेद्रीचे सामने मोजायला कॅलेंडर पुरेसे होते.

वाशीतील पालक: पेद्रीचे राहू द्या. आमच्या येथील एका अकादमीने ‘लोड मॉनिटरिंग’च्या, म्हणजे खेळाडूवरचा भार मोजण्याच्या, नावाखाली वेगळे पैसे घेतले आणि पालकसभेत मोबाइलवर रंगीत आलेख दाखवले, परंतु मुलगा शाळेच्या संघातून, अकादमीतून आणि रविवारी ऐरोलीच्या टर्फवरही खेळतो, हे त्याची टाच दुखू लागेपर्यंत कोणी विचारले नाही.

नेरूळकर: हा दोष जाकिटाचा नव्हे. सरावानंतर अर्ध्या तासाने खेळाडूला श्रमाचे 0 ते 10 पैकी गुण विचारायचे आणि मिनिटांनी गुणायचे. 90 मिनिटे आणि 7 गुण म्हणजे 630. तिन्ही ठिकाणचा भार एका वहीत मावतो.

घोडबंदरवासी: संघातून वगळतील या भीतीने मुलगा 7 ऐवजी 4 सांगेल. मैदानावर कधी उतरला असता, तर हे सांगावे लागले नसते.

कळव्याचा फिजिओ: व्यावसायिक खेळाडूही असेच लपवतात, म्हणूनच उभ्या उडीची उंची, झोप आणि स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे क्रिएटिन कायनेज हे सारे त्या खेळाडूच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीशी ताडून पाहतात. जीपीएस केवळ अंतर व वेग सांगते. तेवढ्याच धावांनी एक जण दमतो, दुसरा दमत नाही. मात्र मोजल्यामुळे दुखापती वाढल्या, असे सुचवणे हा निव्वळ खोडसाळपणा आहे.

घोडबंदरवासी: बरे, वही मान्य, निदान तिला चार्जिंग लागत नाही.

वाशीतील पालक: शाळेचे सर आणि अकादमीचे सर एकमेकांशी बोलतही नाहीत, तेव्हा ही वही आम्हीच ठेवणार. मग अकादमीने आमचे पैसे परत करावेत.