मदत हवी आहे: डॉज किंग्सवेचं अ‍ॅव्हरेज फार घसरलंय

काकांची १९५४ ची डॉज किंग्सवे, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडलेली. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेलं) इंजिन, सिंगल बॅरल कार्बोरेटर. हायवेला आठ-नऊ द्यायची, आता जेमतेम सहा. प्लग काढून बघितले तर टोकं पांढरीफटक, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे असावं. इथेनॉल जाळायला हवा कमी लागते आणि कार्बोरेटरचा जुना जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) निव्वळ पेट्रोलच्या हिशोबाचा. चढाला ॲक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो.

मेन जेट मोठा करून कुणाला फरक पडलाय का? किती मोठा केलात? की आधी डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स तपासू? हलक्या भाराला ठिणगी लवकर पाडणाऱ्या त्या भागाचा डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटला तरी पेट्रोल असंच जातं. पुण्यात फ्लॅटहेडवर हात बसलेला मिस्त्री असेल तर नक्की सुचवा. डिझेल इंजिन बसवायचा सल्ला मात्र कृपया नको, मूळ इंजिनच ठेवायचंय.