विषय: बंड्याचे कोपर – आधी सीटी स्कॅन की थेट शस्त्रक्रिया?

सभासदहो,
कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या घरी असलेल्या आमच्या बंड्याची शस्त्रक्रिया सोमवारी ठरली आहे. लॅब्राडोर, वय आठ महिने, झोपून उठला की डावा पुढचा पाय टेकत नाही. एक्स-रेमध्ये कोपराच्या सांध्यात सुटलेला हाडाचा तुकडा स्पष्ट दिसत नाही, तरीही 'कोपर उघडूनच पाहू' असे सांगण्यात आले आहे. आईबाबा सत्तरीचे आहेत. सीटीसाठी त्याला मुंबईला नेणे त्यांना झेपेल का?

उत्तर १:
प्रवासाचे नंतर पाहू. एक्स-रेमध्ये दिसला नाही म्हणून तुकडा नाही, असे होत नाही. कोपराखालच्या दोन हाडांपैकी उल्ना हाडाचे आतल्या बाजूचे टोक, म्हणजे कोरोनॉइड, दुसऱ्या हाडाच्या, रेडियसच्या, सावलीत झाकले जाते आणि त्याची भेग सीटीतच नीट कळते. उजवे कोपर तपासले का? आमच्या रॉटवायलरचे एकच कोपर उघडले आणि चार महिन्यांनी दुसऱ्यासाठी पुन्हा भूल द्यावी लागली. तुकडा दुर्बिणीतून काढला की पाय मोकळा होतो.

उत्तर २:
शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. तुकडा काढल्याने दुखणे कमी होते, पण झिजलेली कूर्चा परत येत नाही आणि संधिवात पुढे वाढतोच. आमच्या जर्मन शेफर्डचा विकार तर निराळाच होता. साधारण २० आठवड्यांपर्यंत उल्नाला जुळायला हवा असलेला ॲन्कोनियल भाग (कोपराच्या मागच्या बाजूचे हाडाचे टोक) सुटाच राहिला होता, त्यामुळे तो न काढता स्क्रूने बसवला आणि वरचा ताण जावा म्हणून उल्ना कापली. तेव्हा सर्व कोपरांना एकच औषध सुचवू नये. प्राण्यांविषयीच्या शंका मंडळाने माझ्याकडे सोपवल्या आहेत, याची नम्र आठवण करून देतो.

उत्तर ३:
महालक्ष्मी एक्स्प्रेसने नेता येईल, परंतु कुत्र्याला सोबत ठेवायचे तर पहिल्या वर्गाची अख्खी कुपे (दोन बर्थची बंद खोली) घ्यावी लागते. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून मगच निघावे. आणि वजन किती आहे, हे कोणीच का विचारत नाही?

मूळ प्रेषक:
चौतीस किलो. बाबा रोज रात्री भाकरी पांढऱ्या रश्शात कुस्करून घालत होते. त्यात कांदा असतो आणि तो कुत्र्यांना बाधतो, हे कळल्यावर परवापासून बंद केले आहे. सोमवारची शस्त्रक्रिया पुढे ढकलली असून आधी दोन्ही कोपरांचा सीटी होईल. कुपे मिळाली नाही, म्हणून गाडीनेच नेणार आहोत. मात्र तो मागच्या सीटवर चढत नाही आणि बाबांना उचलवत नाही. राजारामपुरीत कोणाच्या घरी रुंद, न घसरणारी फळी असल्यास कृपया कळवावे.