कथेत ‘कृत्रिम गुरुत्वाकर्षण’ एवढं लिहून भागतं का?

अक्षरवेल:
मंगळाकडे निघालेल्या यानावर एक दीर्घकथा लिहितेय. पहिल्याच पानावर ‘यानात कृत्रिम गुरुत्वाकर्षण होतं’ असं वाक्य टाकून मी पुढे गेले. मध्यावर यानातली वीज जाते आणि सगळे तरंगायला लागतात. कथेचा सगळा जोर त्या प्रसंगावर आहे. कच्चा खर्डा वाचून मैत्रिणीने विचारलं, ‘वीज गेली म्हणून गुरुत्व का जाईल?’ विज्ञानकथा वाचणाऱ्यांना हा शब्द सवयीचा आहे, मग खुलासा द्यायलाच हवा का? आणि द्यायचा तर किती?

परिघ:
तुमच्या मैत्रिणीने नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. खुलासा वाचकाला द्या किंवा देऊ नका, पण तुमच्याकडे तो हवाच, कारण पुढे काय घडू शकतं हे त्यावरच ठरतं.

यान चाकासारखं स्वतःभोवती फिरत असेल आणि त्यामुळे माणसं बाहेरच्या कडेवर दाबली जात असतील, म्हणजे तीच त्यांची जमीन असेल, तर वीज गेल्याने काहीच होणार नाही. अंतराळात त्याला अडवणारी हवा नाही, त्यामुळे एकदा दिलेली गती तशीच राहते. दिवे विझतील, पंखे थांबतील, पण माणसं अंधारात जमिनीवरच उभी असतील. फिरणं थांबवायचं तर उलट दिशेने इंजिनं चालवावी लागतील. याउलट यान सतत वेग वाढवत चाललं असेल आणि त्या रेट्यामुळे पाय जमिनीला टेकत असतील, तर इंजिन बंद पडलं की त्याच क्षणी सगळे तरंगतील. तुमचा प्रसंग इथे चपखल बसतो, फक्त वीज जाण्याऐवजी इंजिन बंद पडायला हवं.

फिरतं यान घेतलंत तर आकडे हाताशी ठेवा. मिनिटाला 2 फेऱ्या आणि पृथ्वीइतकं वजन हवं असेल, तर त्रिज्या साधारण 224 मीटर लागते. 6 फेऱ्या केल्या तर 25 मीटर पुरतात. पण या छोट्या चक्रात जगणं फार वेगळं असेल. दीड मीटर उंचीवरून चेंडू सोडला तर तो सरळ खाली न पडता फिरण्याच्या उलट बाजूला सुमारे 37 सेंटिमीटर सरकून पडेल. मोठ्या चक्रात हाच फरक साधारण 12 सेंटिमीटर. फिरण्याच्या दिशेने सेकंदाला 5 मीटर वेगाने धावलात, तर छोट्या चक्रात वजन जवळजवळ पावणेदोनपट होईल. उलट दिशेने धावलात तर निम्म्याहूनही कमी. पाठलागाचा प्रसंग लिहायचा असेल तर यात केवढी गंमत आहे बघा! पळणाऱ्याने दिशा बदलली की पाठलाग करणाऱ्याचा अंदाज चुकतो.

निळा_धूमकेतू:
परिघ यांच्याशी सहमत, पण एक भीती वाटते. हे सगळं पात्रांच्या तोंडी घातलं तर कथा शिकवणीच होऊन बसेल. यानात वर्षभर राहिलेला माणूस चेंडू का सरकला याचा विचार करत नाही, तो सवयीने थोडा बाजूला हात धरून झेलतो. नवखा माणूस चुकतो. एवढं दाखवलंत की वाचकाला यान फिरतंय हे कळतं आणि ‘कृत्रिम गुरुत्वाकर्षण’ हे शब्द लिहावेही लागत नाहीत.

अक्षरवेल:
झेलण्याचं उदाहरण फार आवडलं. मग जमिनीत बसवलेल्या एखाद्या यंत्राने गुरुत्व निर्माण होतं, असं लिहिणं अगदीच चूक का?

परिघ:
चूक नाही. आज माहीत असलेल्या भौतिकशास्त्रात तसं यंत्र नाही, म्हणून ती तुमची कल्पना ठरते आणि कथेला तो हक्क आहेच. वीज जाण्याचा प्रसंग जसाच्या तसा ठेवायचा असेल तर हाच मार्ग सोपा. पण मग नियम पक्के करा. त्याला किती ऊर्जा लागते, ते खोलीपुरतं बंद करता येतं का, वरच्या मजल्यावरच्या माणसालाही ते खेचतं का? ज्यांच्याकडे असं यंत्र आहे ते जड माल हलवायला आणि दार फोडून येणाऱ्याला खाली पाडायलाही ते वापरतील. तुमच्या पात्रांना हे सुचलं नाही, तर वाचकाला नक्की सुचेल.

अक्षरवेल:
मग इंजिनाचाच मार्ग घेते. तरंगण्याचा प्रसंग राहतो, आणि इंजिन कोणी बंद केलं हा नवा प्रश्न आयताच मिळतो. पहिल्या पानावरचं ते वाक्य आजच काढते.