जुन्या हस्तलिखितांवर प्रोटॉन बीम सोडावा का?

शाईवेडा:
माझं मत, सोडावा. अ‍ॅक्सिलरेटर (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) म्हटलं की लोक दचकतात, पण पिक्सी, म्हणजे प्रोटॉन मारून मूलद्रव्यं ओळखायची पद्धत, तिच्यात साधारण ३ एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन बीम पातळ खिडकीतून हवेत काढतात, पान व्हॅक्यूममध्ये घालावं लागत नाही, तुकडाही कापत नाहीत, आणि शाईतल्या अणूंमधून निघणाऱ्या एक्स-रेवरून मूलद्रव्यं कळतात. फ्लॉरेन्सला गॅलिलिओची गतीवरची टिपणं आहेत, त्यांवर तारखाच नाहीत. शाई हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि मायफळाची, हिराकस कधीच शुद्ध नसतो, त्यामुळे तांबं-जस्ताचं लोखंडाशी प्रमाण दर वेळी वेगळं येतं. ते प्रमाण त्याच्याच तारीख असलेल्या कागदांशी जुळवून टिपणांचा काळ ठरवायचं काम तिथे झालंय!! हे नुसत्या डोळ्यांनी कुणी केलं असतं का?

चर्मपत्र:
काम भारी आहे, मान्य. पण कागद म्हणजे सेल्युलोज आणि चर्मपत्र म्हणजे कोलॅजन, बीमने त्यांच्या साखळ्या तुटतात आणि तो डाग त्याच दिवशी दिसेल असं नाही ना, वर्षांनी पिवळा पडेल तेव्हा जबाबदार कोण? आणि विनलँड नकाशाचं काय, तोच, कोलंबसच्या आधीचा म्हणून गाजलेला अमेरिकेचा नकाशा? १९७४ ला टायटॅनियमच्या आधुनिक रंगावरून तो बनावट ठरवला, मग १९८५ ला कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या प्रोटॉन बीमने टायटॅनियम अगदी किंचित दाखवलं, लोकांना वाटलं नकाशा खरा असेल, आणि २०२१ ला तो नकाशा जपणाऱ्या येल विद्यापीठानेच सांगितलं की बनावट आहे.

शाईवेडा:
विनलँडचा मुद्दा मला लागला, खोटं कशाला बोलू. पण पिक्सी मूलद्रव्य सांगते, संयुग नाही. टायटॅनियम आहे एवढं कळतं, ते अ‍ॅनाटेस, म्हणजे त्या आधुनिक रंगातलं टायटॅनियमचं संयुग, आहे का ते रामनने (लेसरच्या प्रकाशावरून संयुग ओळखायची पद्धत) बघायचं. एकाच यंत्राच्या आकड्यावर निकाल दिला ही माणसांची चूक.

काजळी:
मग हातातल्या एक्सआरएफनेच (एक्स-रे मारून मूलद्रव्यं ओळखणारं छोटं यंत्र) का नाही भागवायचं? काजळीच्या शाईत कार्बनच, तो तुमच्या पिक्सीलाही दिसत नाही, मग अशा पोथ्यांना उगाच बीमसमोर कशाला ठेवायचं?

शाईवेडा:
काजळीच्या शाईसाठी नकोच, शंभर टक्के. पण निळा रंग लाजवर्द दगडाचा की तांब्याचा हे बघताना सोडियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन लागतात, तिथे हातातलं एक्सआरएफ लंगडं पडतं, बीमवर हेलियम सोडला की ते स्वच्छ दिसतात.

चर्मपत्र:
ठीक, तेवढ्यासाठी चालेल. पण कुठल्या पानावर, कुठल्या अक्षरावर, किती डोस दिला याची नोंद हस्तलिखितासोबतच राहिली पाहिजे, नाहीतर पुढचा माणूस येऊन त्याच अक्षरावर परत बीम सोडेल.