ते शून्यच आहे

जुनी गाडी घेताना आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) चेसिस नंबरात, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या ओळख नंबरात, शून्य आहे की इंग्रजी ओ, असं विचारलंय तुम्ही. बिनधास्त शून्य धरा. १७ खुणांच्या या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होतो म्हणून. सुरुवातीला एमए३ असेल तर मारुती सुझुकी, एमएटी असेल तर टाटा.

पण नुसत्या कागदावर जाऊ नका, गाडीवरचा ठोकलेला नंबर बघा. बॉनेट उघडून इंजिनमागच्या पत्र्यावर, नाहीतर पुढच्या सीटखालचं मॅटिंग उचलून. मॉडेलप्रमाणे जागा बदलते. मागच्या साली लातूरला एक एमएच २४ गाडी बघितली. बाहेरून चकाचक, पण नंबराभोवती वेल्डिंगचा गोळा अन् वरून ताजा रंग. एजंट म्हणतो, "साहेब, गंज काढलाय." नंबर बदलल्याचा संशय आला, आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, आकडे उमटतात. ओळ वाकडी किंवा एखादा आकडा जास्त खोल वाटला तर ती गाडी सोडून द्या. इंजिन नंबरही आरसीशी ताडून घ्या. आणि आरसीवर बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) दिसला तर बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, हातात आल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका.